खांद्याजवळची दोरी

डॉड पेटिग्रू सोमवारी सकाळी गेला, आणि दुपारच्या चहापर्यंत लॉखबर्नीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: गॅव्हिनला दोरी मिळणार का?

गॅव्हिन म्हणजे डॉडचा सख्खा मोठा भाऊ. सख्ख्या भावाच्या बाबतीत असा प्रश्न पडायलाच नको. पण हे दोघे बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. एका गावात राहायचं, एकाच क्लबात बिअर प्यायची आणि बोलायचं नाही, हे वाटतं तेवढं सोपं नसतं. त्यासाठी रोज नव्यानं कष्ट घ्यावे लागतात. त्यातून गॅव्हिन कुणी ऐरागैरा नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो या भागाचा खासदार होता, मधली चार वर्षं लंडनला राज्यमंत्री होता. डॉड मात्र कोळशाच्या खाणीत गेला आणि मधली काही वर्षं सोडली तर खाण बंद होईपर्यंत तिथंच राहिला. छातीत जी धूळ साठली ती अखेर त्याला घेऊन गेली.

आपल्याकडे, स्कॉटलंडात, पेटी खड्ड्यात सोडायची ती आठ दोऱ्यांनी, आणि त्या धरायच्या आपल्याच माणसांनी. डोक्याशी एक नंबर, पायाशी दोन, दोन्ही खांद्यांजवळ तीन आणि चार, मग उरलेले खाली. ज्याला दोरी द्यायची त्याच्या घरी आधी एक-दोन दिवस नंबराचं छोटं कार्ड येतं. कुणाला कुठला नंबर आला यावरून गाव ओळखतं, गेलेल्याला कोण किती जवळचं होतं ते. लग्नातल्या मानपानावरून वर्षानुवर्षं फुगून बसणारी माणसं इथं तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. कारण एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: दोरी मिळते, मागायची नसते.

मंगळवारी गॅव्हिन सकाळपासून खिडकीशी बसून होता. पेपर मांडीवर होता, पण पान उलटत नव्हतं. दाराच्या फटीतून टपाल आत पडलं की तो उठायचा, आणि विजेचं बिल घेऊन परत यायचा. बहात्तर वर्षांचा माणूस, अजून अंगानं ताठ, पांढरे केस नीट मागे वळवलेले. अख्ख्या फाइफ परगण्यात त्याच्याइतकं चांगलं भाषण करणारा दुसरा नव्हता. आणि आता त्याच्या मनात एवढंच होतं की आठवा नंबर मिळाला तरी चालेल. खाली, कोपऱ्यात, कुठंही.

"असा बसून राहिलास म्हणून कार्ड लवकर येणार आहे का?" एल्स्पेथ, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी कार्डाची वाट बघत नाहीये."

"बरं. मग विजेच्या बिलाची बघ."

पेटिग्रूंचं घराणं काही मोठं नव्हतं. खाणीजवळच्या चाळीत दोन खोल्या, वडील छत कोसळून गेलेले, आणि आई फेमी, जिनं दुसऱ्यांचे कपडे धुऊन दोन पोरं वाढवली. गॅव्हिन सोळाव्या वर्षी खाणीत उतरला, डॉड दोन वर्षांनी त्याच्या मागोमाग. डॉडच्या अंगात ताकद होती, गॅव्हिनच्या जिभेत. युनियनमध्ये वॉटी ग्लेन नावाचा एक म्हातारा पुढारी होता, त्यानं ही जीभ हेरली आणि गॅव्हिनला हाताशी धरलं. वॉटीनं त्याला सभा चालवायला शिकवलं, ठराव लिहायला शिकवलं, आणि एक गोष्ट पाठच करून घेतली. ज्याला 'नाही' म्हणता येईल असा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही. आधी माणसं मोजायची, 'हो' येणार याची खात्री करून घ्यायची, मगच तोंड उघडायचं.

गॅव्हिननं हे इतकं मनावर घेतलं की एल्स्पेथला लग्नाचं विचारायच्या आधी त्यानं तिच्या मोठ्या बहिणीकडून, मावशीकडून आणि दुकानातल्या मैत्रिणीकडून खात्री करून घेतली होती. एल्स्पेथ हे पन्नास वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगत आली. पण युनियनमध्ये, मग कौन्सिलात, मग पक्षात हा नियम त्याला सोन्यासारखा फळला. गॅव्हिननं मांडलेला ठराव कधी पडला नाही, कारण पडणारा ठराव त्यानं कधी मांडलाच नाही.

चौऱ्याऐंशीचा खाणकामगारांचा संप आला तेव्हा गॅव्हिन व्यासपीठावर होता आणि डॉड खाणीच्या फाटकावर. पोलिसांनी डॉडला उचललं, दंड झाला, नोकरी गेली ती बरीच वर्षं परत मिळाली नाही. त्याचं त्यानं कधी भावावर खापर फोडलं नाही. उलट गॅव्हिन पहिल्यांदा निवडून आला तेव्हा निकालाच्या सभागृहातून डॉडनंच त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. "हा बोलतो, मी ढकलतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. फेमी गर्दीत मागे उभी होती आणि तिला काही दिसत नव्हतं, म्हणून डॉडनं भावाला खांद्यावर घेऊनच तिच्यापर्यंत नेलं.

खासदार म्हणून गॅव्हिननं काम चोख केलं, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं. गळकी छपरं, अडकलेली पेन्शन, बंद पडलेली बस, कशालाही तो नाही म्हणाला नाही. आणि मतदारसंघातलं एकही दफन त्यानं चुकवलं नाही. शुक्रवारी लंडनहून यायचा, काळा कोट घालायचा आणि निघायचा. घरची माणसं त्याला दोरी द्यायची. खासदारानं दोरी धरली तर गेलेल्याचा मान व्हायचा. क्लबात थट्टा चालायची की गॅव्हिन आल्याशिवाय लॉखबर्नीत माणूस मेला असं धरत नाहीत. किती परक्यांच्या दोऱ्या त्यानं धरल्या याची मोजदाद नव्हती.

आईची मात्र धरली नाही.

पक्षाचं सरकार आलं त्याच वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात फेमी गेली. दफन बुधवारी दुपारी दोनला ठरलं, आणि एक नंबरचं कार्ड थोरल्या मुलाचं, त्यात विचारायचं काही नव्हतं. त्याच बुधवारी लंडनला एका विधेयकावर दुपारपासून मतदान होतं. आजारी माणसांची मदत कापणारं विधेयक होतं ते. स्वतःच्याच पक्षातले कितीतरी जण विरोधात जाणार होते, आणि गॅव्हिनच्या कानावर आलं होतं की नव्या वर्षात त्याला मंत्रिपद मिळेल.

त्यानं प्रतोदाकडे जाऊन सुट्टी मागितली असती तर प्रतोद जा म्हणाला असता. आईचं दफन म्हटल्यावर विरोधी बाकावरचा कुणीतरी मत न देता बसतो आणि दोन्हीकडचा तोल राहतो. एवढी माणुसकी तिथंही आहे. पण त्या दिवशी सुट्टी मागणारा प्रत्येक जण पळपुटा ठरत होता. प्रतोद 'जा' म्हणताना कसा बघेल, ते गॅव्हिनला आधीच दिसत होतं. खात्री नव्हती, म्हणून त्यानं विचारलंच नाही. बुधवारी सकाळी घरी फोन करून त्यानं डॉडला सांगितलं की सुट्टी मिळाली नाही.

डॉडनं ठीक आहे म्हटलं. मग कबरीशी त्यानं स्वतः पायाकडची दोन नंबरची दोरी घेतली आणि एक नंबरला कुणालाच हात लावू दिला नाही. मामेभाऊ पुढं झाला, त्याला त्यानं हातानं मागं सारलं. शेवटी दफनाचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या क्रॉफर्डनं हातमोजे घालून ती दोरी धरली. फेमी पेटिग्रूचं डोकं पोटासाठी काम करणाऱ्या परक्या हातानं जमिनीत गेलं, हे लॉखबर्नीनं पाहिलं. विधेयक मोठ्या फरकानं मंजूर झालं. गॅव्हिनच्या एका मतानं काही अडलं नसतं.

तरीही डॉडनं ते गिळलं असतं. सुट्टी मिळाली नाही तर माणूस काय करणार? पण पंधरा दिवसांनी शेजारच्या मतदारसंघाचा खासदार क्लबात आला आणि बोलता बोलता, मनात काही वाईट नसताना, म्हणाला की गॅव्हिननं सुट्टी मागितलीच नव्हती, मागितली असती तर सहज मिळाली असती. डॉडनं अर्धा भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि घरी गेला.

नाताळात गॅव्हिन भेटवस्तू घेऊन त्याच्याकडे गेला. डॉडनं दार उघडलं, आत ये म्हटलं नाही.

"तू विचारलं होतंस का?" तो म्हणाला.

गॅव्हिननं सांगायला सुरुवात केली. त्या दिवशीची परिस्थिती, फुटलेला पक्ष, सरकारची अडचण. चांगलं बोलला तो, नेहमीसारखं. डॉडनं ऐकून घेतलं आणि मग पुन्हा तेच म्हणाला, "विचारलं होतंस का, एवढंच सांग." गॅव्हिननं पुन्हा सुरुवात केली तेव्हा दार लागलं. दोघा भावांचं हे शेवटचं बोलणं.

जानेवारीत गॅव्हिन मंत्री झाला. चार वर्षांनी त्याला काढलं, तेही कारण न सांगता. त्यानंही विचारलं नाही. शेवटच्या वर्षांत त्याचं एक काम मोठं झालं. खाणकामगारांच्या छातीच्या आजारासाठी त्यानं भांडून भांडून गावाजवळ दवाखाना आणला. उद्घाटनाची पाटी अजून आहे. डॉडला तोवर जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं, पण तो त्या दवाखान्यासमोरून बसनं पुढं जायचा, बस बदलायची आणि कर्कॉल्डीच्या इस्पितळात रांगेत बसायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, लोक कुणाला काय बोलणार?

निवडणुका येत राहिल्या. प्रचाराची माणसं दारोदार जायची, गॅव्हिन त्यांच्याबरोबर असायचा. डॉडच्या पिट रोडवर आलं की तो सांगायचा, बत्तीस नंबर सोडा. कार्यकर्ते समजून असायचे. तीस नंबरला बेल वाजवायची, मग सरळ चौतीसला. त्याला वाटायचं, आपण एवढा तरी समजूतदारपणा दाखवतो आहोत. ज्याला तोंड बघायचं नाही त्याच्या दारात मतासाठी कशाला जायचं? 'हो' यायची शक्यता नव्हती, हेही त्यात होतंच.

मग ती निवडणूक आली ज्यात अख्ख्या स्कॉटलंडनं एका दिवसात पाठ फिरवली. गॅव्हिनही पडला. सभागृहाच्या मंचावर तो हरलेल्यांच्या रांगेत हसून उभा राहिला, जिंकलेल्या पोरीशी हात मिळवला, तिची आई कुठल्या चाळीतली हेही त्याला माहीत होतं. घरी येऊन त्यानं कोट काढला तो दोन दिवस पुन्हा घातलाच नाही. खरी शिक्षा पुढं होती. पहिल्या वर्षी त्याच्याकडे येणारी कार्डं कमी झाली, दुसऱ्या वर्षी थांबली. दफनांना तो जायचाच, पण आता गर्दीत उभा राहायचा. त्या दोऱ्या खासदाराला होत्या, गॅव्हिनला नव्हत्या, हे समजायला त्याला सत्तरी गाठावी लागली.

बुधवारी एल्स्पेथ सूपाचं पातेलं घेऊन पिट रोडवर गेली. नेटाशी, म्हणजे डॉडच्या बायकोशी, तिचं बोलणं कधी बंद झालं नव्हतं. बायकांनी नवऱ्यांच्या भांडणात पडायचं नाही, असं दोघींनी न बोलता ठरवलं होतं. ती परत आली तेव्हा गॅव्हिन दारातच उभा होता.

"कार्डं वाटलीत," ती म्हणाली. "एक नंबर आयल्साला. लेकच धरणार, हल्ली मुली धरतात. दोन जावयाला. शेजारच्या टॉडला सात."

"टॉडला."

"त्यानं शेवटचे सहा महिने रोज डॉडचे कोळसे आत आणून टाकले, गॅव्हिन."

एल्स्पेथनं कोट खुंटीला लावला, आणि मग पाठमोरीच म्हणाली की नेटानं विचारलं, तो येणार आहे का.

"दफनाला? म्हणजे काय, येणारच."

"दफनाला असं नाही म्हणाली. नुसतं म्हणाली, तो येणार आहे का."

गॅव्हिननं ते वाक्य घेतलं आणि एखाद्या विधेयकाचं कलम वाचावं तसं उलटसुलट करून पाहिलं. येऊ नको असं सुचवायचं असेल. येणार असेल तर लांब उभा राहा असं असेल. रात्री जेवताना त्यानं एल्स्पेथला तिसऱ्यांदा विचारलं की नेटाचा आवाज कसा होता.

"अरे, जा ना," एल्स्पेथ म्हणाली. "उठ, जा, आणि विचार तिला. माझ्या भावाची दोरी मला हवी म्हण. फार तर नाही म्हणेल."

"दोरी मागत नाहीत."

"भीड भिकेची बहीण असते, गॅव्हिन. साऱ्या गावाकडे मतं मागत फिरलास तेव्हा कुठं गेली होती ती?"

मतं त्यानं खऱ्या अर्थानं कधी मागितलीच नव्हती. जिथं मिळणार तिथंच तो जात होता.

गुरुवारीही कार्ड आलं नाही. संध्याकाळी, अजून पुरता अंधार पडला नव्हता तेव्हा, त्यानं टोपी घातली आणि कुणाला काही न सांगता पिट रोडवर गेला. समुद्राकडून गार धुकं आत आलं होतं. बत्तीस नंबरच्या खिडकीचे पडदे अर्धेच ओढलेले होते. आत नेटा उभी राहून इस्त्री करत होती, उद्यासाठीचा काळा ब्लाउज असावा. खिडकीशी डॉडची खुर्ची तशीच होती, रस्त्याकडे तोंड केलेली. गेल्या हिवाळ्यात गॅव्हिन पलीकडच्या पदपथावरून जाताना त्या खुर्चीत त्याला डॉड दिसला होता, नाकाला नळी लावलेला. गॅव्हिननं हात वर केला होता. डॉड नुसता बघत राहिला.

त्यानं फाटकाच्या कडीवर हात ठेवला. एवढंच म्हणायचं होतं: नेटा, मला दोरी दे. लहान मुलालाही जमेल असं वाक्य. पण ती नाही म्हणाली तर? नवऱ्याला पुरायच्या आदल्या संध्याकाळी त्या बाईला नाही म्हणायला लावायचं का? ती हो म्हणाली आणि डॉडच्या मनाविरुद्ध म्हणाली, तर ते आणखी वाईट. अशी कारणं त्याला एकामागून एक सुचत गेली. सगळी चांगली होती, सगळ्यांत दुसऱ्याचाच विचार होता. आत नेटानं इस्त्री उभी करून ठेवली आणि ती स्वयंपाकघराकडे गेली. तेवढ्यात तो वळला आणि घरी आला.

"भेटली?" एल्स्पेथनं विचारलं.

"घरी कुणी नव्हतं."

एल्स्पेथनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

शुक्रवारी चर्चमध्ये पाद्रीबाई डॉडबद्दल बरंच चांगलं बोलली. तो शांत होता, कष्टाळू होता, कबुतरांवर त्याचं प्रेम होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच, पण डॉडच्या बाबतीत ते खरं होतं. मग सगळे चालत टेकडीवरच्या दफनभूमीत आले. वारा पूर्वेचा होता. क्रॉफर्ड म्हातारा कधीच गेला होता. आता त्याचा मुलगा पेटीशी उभा राहून एकेक नंबर पुकारत होता आणि पुकारलेलं माणूस पुढं येऊन दोरी हाताला गुंडाळून घेत होतं. एक नंबर, आयल्सा. ती आली, तिचा चेहरा रडून सुजला होता. दोन नंबर, तिचा नवरा.

"तीन नंबर," क्रॉफर्ड म्हणाला, आणि थांबला. नाव आलं नाही.

त्यानं नेटाकडे पाहिलं. तिचं कंबरेचं दुखणं होतं म्हणून तिला खुर्ची दिली होती. नेटानं मान वळवून गॅव्हिनकडे पाहिलं. गर्दीच्या दुसऱ्या रांगेत होता तो. ती बघत राहिली, भुवया किंचित वर करून, आणि सगळं गाव तिच्या नजरेच्या मागोमाग त्याच्याकडे वळलं. गॅव्हिनचे कान तापले. त्याला वाटलं, आपल्याला खजील करायला हे ठरवून चाललं आहे. एल्स्पेथनं त्याला कोपरानं ढोसलं, पण त्यानं नजर खाली बुटांवर नेली आणि तिथंच ठेवली. मग पाय वाजले, आणि त्यानं वर पाहिलं तेव्हा क्रॉफर्डचा एक माणूस काळे हातमोजे घालून डॉडच्या खांद्याजवळची दोरी धरून उभा होता.

पेटी खाली गेली. आठही जणांनी दोऱ्यांची टोकं सोडून दिली आणि ती पेटीवर पडली. गॅव्हिननं मनाशी म्हटलं, बरोबर केलंस, डॉड. आईच्या डोक्याशी मी परका माणूस उभा केला, तुझ्या खांद्याशी तू केलास. फिटलं. त्याला रडू आलं, पण त्यात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

नंतरचा चहा खाणकामगारांच्या क्लबात होता. सँडविचेस, केक, पुरुषांसाठी छोटी व्हिस्की. गॅव्हिन भिंतीशी एकटा बसला होता; एल्स्पेथ कप भरायला मदत करत होती. लोक त्याच्याजवळून जाताना मान हलवत आणि पुढं जात. थोड्या वेळानं नेटा काठी टेकत आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. शाळेत दोघं एका बाकावर होते, तेव्हाही ती अशीच न विचारता येऊन बसायची.

"काल फाटकाशी तूच होतास ना?" ती म्हणाली.

"हो."

"मी इस्त्री तशीच टाकून किटली चढवायला गेले. दोन कप काढले. येऊन बघते तर कुणी नाही."

गॅव्हिननं ग्लास खाली ठेवला.

"तीन नंबर तुझा होता, गॅव्ह."

"मग पाठवला का नाहीस?"

"त्यानंच सांगून ठेवलं होतं. पाठवू नकोस म्हणाला. तो मागायला आला तर दे. नाही आला तर क्रॉफर्डचा माणूस आहेच. मी आज शेवटपर्यंत थांबले. क्रॉफर्डला म्हटलं होतं, नाव घेऊ नकोस, नुसता थांब. तू एक पाऊल पुढं टाकलं असतंस तरी तू मागितलीस असं मी धरलं असतं."

"दोरी कुणी मागत नाही, नेटा. कुणीच मागत नाही."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, माहितीये मला. पण आयुष्यात एकदा तरी त्याला खात्री नसताना काही मागू दे."

पलीकडे कुणीतरी कपबशा आवरत होतं. नेटाला हे सांगायचं नव्हतं असं दिसत होतं, पण आता सुरुवात झाली होती.

"निवडणुका आल्या की तो धुतलेला शर्ट घालून खिडकीशी बसायचा. तुझी माणसं तिसाला यायची, मग चौतिसाला जायची. म्हणायचा, आज राहिलं असेल, अजून आठवडा आहे. मत तुलाच द्यायचा, प्रत्येक वेळी. शेवटच्या वेळी गावानं तुला टाकलं तेव्हासुद्धा, नळी लावून मी त्याला चाकाच्या खुर्चीतून नेला. आल्यावर म्हणाला, दिलं बरं का, न मागता."

"मला वाटलं तो तोंडावर दार लावेल."

"लावलंच असतं," नेटा म्हणाली. "पहिल्यांदा लावलंच असतं. मग तू पुन्हा वाजवायचं होतंस."

गॅव्हिननं तिचा हात धरला. ओठ हलत होते त्याचे, पण ज्या जिभेवर तो खाणीच्या तळातून लंडनपर्यंत गेला होता ती आता वळत नव्हती. मोठ्या कष्टानं तो म्हणाला, "मला दे, नेटा. आता मागतो मी."

तिनं त्याचा हात थोपटला, आणि आपला सोडवून घेतला.

"आता काय द्यायचं, गॅव्ह? माती पडली."

लोक निघायला लागले होते आणि घरच्या माणसानं दाराशी उभं राहावं लागतं, म्हणून ती उठली. गॅव्हिन बसून राहिला. एल्स्पेथ कोट घेऊन आली तेव्हा उठला आणि रांगेत लागला. रांग हळूहळू सरकत होती. नेटा प्रत्येकाचा हात हातात घेऊन तेच वाक्य बोलत होती. त्याची पाळी आली तेव्हा तिनं त्याचाही हात घेतला, आणि टॉडला म्हणाली तेच त्याला म्हणाली, "आल्याबद्दल आभार."